कऱ्हेच्या काठानं, मुरमाच्या वाटेनं: ग्रॅव्हल सायकलवर सासवड ते नीरा, दोन दिवसांत

पुण्याहून जेजुरी-मोरगाव करणारी बहुतेक मंडळी सकाळी गाडी काढतात, खंडोबा उरकतात, मयूरेश्वर उरकतात आणि दुपारी भेळ खाऊन माघारी फिरतात. ‘उरकतात’ हाच शब्द बरोबर. मीही कित्येक वर्षं तेच केलं. या दोन देवांच्या मधून एक नदी वाहते, हे मला सायकलवर पहिल्यांदा रस्ता चुकलो तेव्हा कळलं.

कऱ्हा काही मोठी नदी नाही. गराड्याच्या बाजूच्या डोंगरात उगवते, सासवडवरून, जेजुरीच्या उत्तरेकडून, मोरगावच्या अंगाला लागून जाते आणि बारामतीच्या पुढे सोनगावला नीरेला मिळते. ब्रह्मदेवाचा कमंडलू लवंडला आणि कऱ्हा झाली, असं इकडे सांगतात. कमंडलू लहानच असावा, कारण जानेवारीनंतर पात्रात बऱ्याच ठिकाणी वाळू, डबकी आणि वेडी बाभळ एवढंच उरतं. पण देवळं, गढ्या, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड), जुने पार सगळं या नदीला धरून आहे. डांबरी रस्ता तिच्यापासून लांबून जातो. काठानं जातात त्या पाणंदी (शेतांमधल्या वाटा), गाडीवाटा आणि शिवरस्ते (गावांच्या शिवेवरचे रस्ते). मोटारीला त्या अरुंद, रोडबाइकला खडबडीत आणि पायी जाणाऱ्याला लांब. ग्रॅव्हल सायकलला मात्र त्या अगदी मापाच्या.

एका दमात पन्नास किलोमीटर सायकल चालवू शकणाऱ्या कोणालाही हे दोन दिवस जमतील. पहिल्या दिवशी सासवड ते मोरगाव, दुसऱ्या दिवशी मोरगावहून लोणी भापकर करून नीरा डाव्या कालव्यानं नीरा स्टेशन. रोज पन्नासच्या आसपास अंतर पडतं. आकडा बघून हसू नका. मुरमावरचे पन्नास डांबरावरच्या ऐंशीला भारी पडतात, आणि आपण थांबत जाणार आहोत.

सायकल: महाग नको, टायर रुंद हवा

ग्रॅव्हल सायकल म्हणजे वाकड्या हँडलची, रोडबाइकसारखी दिसणारी, पण रुंद टायर मावणारी आणि डिस्क ब्रेकवाली सायकल. ती नसेल तर ३८ ते ४२ मिलिमीटरचे टायर बसणारी हायब्रिड चालते. एमटीबी असेल तर तीही चालते, थोडी जड जाईल इतकंच. ३२च्या खालचा टायर घेऊन मात्र येऊ नका. कऱ्हेपठारावरच्या मुरमात गोट्यांसारखी सुटी खडी असते. अरुंद टायर तिच्यावरून घसरतो आणि तुमची नजर दिवसभर चाकापुढच्या दोन हातांवर खिळून राहते. मग बघायला आलात कशाला?

टायर ट्यूबलेस असले तर उत्तम. कारण एकच, सराटा. पावसाळ्यानंतर वाटेच्या कडेला पिवळ्या फुलांचे जे पसरट वेल दिसतात, त्यांची वाळलेली फळं म्हणजे चारी बाजूंनी काटे असलेले खिळेच. त्यांच्या जोडीला बाभळीचा काटा आहे. ट्यूबवर आलात तर दिवसाला तीन-चार पंक्चर धरून चला. ट्यूबलेसमधलं सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, आपल्या उन्हात लवकर सुकतं. दर दोन-तीन महिन्यांनी पातळी बघा, आणि निघायच्या आठवडाभर आधी नक्की बघा. आदल्या रात्री बघून उपयोग नाही. तेव्हा काही गडबड निघाली तर दुकानं बंद असतात.

हवा किती भरायची यावरून माणसं वाद घालतात. माझं वजन सत्तरच्या आसपास आहे. ४० मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये मी पुढे ३० आणि मागे ३४ पीएसआय ठेवतो. ट्यूब असेल तर आठ-दहा जास्त, नाहीतर दगडावर आपटून रिम ट्यूबला चावते. पेट्रोल पंपावर ‘टाइट भरा’ म्हणायची सवय असेल तर ती मोडा.

गिअर हलका हवा. पुढे ४० दातांचं चक्र असेल तर मागचं मोठं चक्र ४२चं असावं. इथले चढ लांब नाहीत, पण ओढ्यातून वर येणारा सुट्या खडीचा पन्नास मीटरचा चढ उभं राहून मारता येत नाही. उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. बसूनच, हलक्या गिअरवर चढायचं.

आणखी एक गोष्ट, सायकलवाल्या मित्रांना ती पटत नाही. क्लिटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट घरी ठेवा. दिवसातून दहा देवळांत जायचं आहे, गड चढायचा आहे, ओढ्यात उतरायचं आहे. साधी पेडलं आणि साधे बूट, झालं काम. तंग सायकलिंग शॉर्टवर एक सैल हाफ पँट चढवा. गावच्या देवळात, बायाबापड्यांसमोर, ते बरं दिसतं.

नकाशावर तीन संध्याकाळी

तयार ट्रॅक उतरवून त्याच्यामागे डोळे झाकून जाण्यात मजा नाही. शिवाय तो ट्रॅक कोणत्या ऋतूतला आहे हे कळत नाही. वाट स्वतः काढा. मी ती तीन थरांत काढतो.

पहिला थर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांचा. ते विभागाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांत गाडीवाटा, पायवाटा, देवळं, विहिरी आणि छोट्या वस्त्यांची नावंसुद्धा असतात. गुगलवर जे गाव म्हणजे नुसता ठिपका असतं, ते इथे देऊळ, ओढा आणि तीन वाड्यांसकट दिसतं. नदीकाठाला लागून असलेली सगळी देवळं पेन्सिलनं गोल करा. आपला मार्ग त्या गोलांमधूनच जाणार आहे.

दुसरा थर उपग्रहाच्या चित्राचा. यात रंग वाचायला शिका. फिकट, पांढुरकी-तांबूस रेघ म्हणजे मुरूम. ती पावसानंतर दुसऱ्या दिवशीही चालते. गर्द काळपट शेतांतून जाणारी, रंगात शेताशी मिसळलेली रेघ म्हणजे काळ्या मातीची पाणंद. तिच्यावर पाऊस पडला असेल तर चार-पाच दिवस तिचं नाव काढायचं नाही. झाडांची गर्द रांग वळणं घेत चालली असेल तर तो बहुधा ओढा. आणि हिरव्या शेतांच्या कडेनं सलग, सावकाश वळत जाणारी निळी-हिरवी पट्टी म्हणजे कालवा.

तिसरा थर राज्य सरकारच्या महाभूनकाशाचा, म्हणजे गावचे गट नंबरचे नकाशे. वाट सार्वजनिक आहे की कोणाच्या बांधावरून जाते, याचा अंदाज इथे येतो. २०२१ साली सुरू झालेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेतून राज्यात ठिकठिकाणी पाणंदींवर मुरूम पडू लागला. त्यामुळे जुन्या नकाशात नुसती तुटक रेघ असलेली वाट प्रत्यक्षात रुंद, दाबलेली निघते. कधी उलटंही होतं. नकाशात रस्ता असतो आणि तिथे गेल्यावर उसाचा फड उभा असतो.

तीन थर एकावर एक ठेवून मार्ग आखा, फोनमध्ये ऑफलाइन नकाशासकट उतरवा आणि दर दहा-बारा किलोमीटरला डांबरावर यायची एक पळवाट खूण करून ठेवा. पळवाट नसलेला मार्ग मी आखत नाही. का ते पुढे सांगतो.

कधी जायचं, कधी जायचं नाही

दिवाळीनंतर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तेव्हा जमीन वाळलेली असते, ज्वारी उभी असते, संक्रांतीच्या आगेमागे हुरडा मिळतो आणि पहाटे हात गारठतात. मार्चपासून दहानंतर ऊन सोसत नाही. सावली देणारं झाड दोन-दोन किलोमीटर भेटत नाही. हा भाग पर्जन्यछायेतला, त्यामुळे पावसाळ्यातही मुरमाड माळावर सायकल चालते आणि तेव्हा माळ हिरवागार असतो. मात्र काळ्या मातीचा दुसरा दिवस तेव्हा जमणार नाही.

पंचांग बघून निघा. सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते. त्या दिवशी जेजुरीत मुंगीला वाट नसते. चंपाषष्ठीला तेच, आणि चतुर्थीला मोरगावला तेच. गर्दीच बघायची असेल तर जरूर जा, पण सायकल घरी ठेवा. रविवारीसुद्धा जेजुरी नकोच. शक्य असेल तर शुक्रवार-शनिवार धरा.

पिशवीत

दोन ट्यूब (ट्यूबलेस असलात तरी), पंप, भोक बुजवायच्या दोऱ्या, साखळीची जोडकडी, मल्टिटूल, आणि तुमच्याच सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचा गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर बसतो तो. हा शंभर ग्रॅमचाही नसलेला तुकडा वाटेत कुठेही मिळत नाही, आणि प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा ठेवा, टायर फाटला तर आतून लावायला. अडीच लिटर पाणी. एक छोटी विजेरी, ती का ते दगडांजवळ सांगतो. एक पंचा. सुटे पैसे, कारण वस्तीवरच्या टपरीवर नेटवर्क असेलच असं नाही. आणि पेपर सोप.

पहिला दिवस: सासवड ते मोरगाव

दिवे घाट सायकलनं चढायच्या फंदात पडू नका. अवजड गाड्यांच्या मधून घाट चढण्यात ना शांतता, ना वारसा. पुण्याहून भल्या पहाटे टेंपोनं किंवा मित्राच्या गाडीनं सासवड गाठा. अगदीच हौस असेल तर बोपदेव घाटानं या, पण उजाडायच्या आत.

सासवडात पहिला थांबा संगमेश्वर. कऱ्हा आणि चांबळी यांच्या संगमावर, सातच्या उन्हात, घाटाच्या पायऱ्यांवर बसायचं. इथून जवळच, कऱ्हेच्याच काठी, चांगावटेश्वराचं देऊळ आहे. दोन्ही ठिकाणी खांबांवरचं काम निवांत बघा. गावात सोपानदेवांची समाधी आहे आणि पुरंदऱ्यांचा वाडा आहे. पहिला पेशवा बाळाजी विश्वनाथ १७२० साली इथेच वारला. एवढं सगळं एका गावात असून लोक सासवडला फक्त चहाला थांबतात.

मग नदी थोडा वेळ सोडून उत्तरेला सोनोरीकडे वळा, सहा-सात किलोमीटर. गावात पानशांची गढी आहे. पानसे हे पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार. वर दिसणारा मल्हारगड त्यांनीच अठराव्या शतकाच्या मध्यावर बांधून घेतला. महाराष्ट्रातल्या डोंगरी किल्ल्यांत हा सर्वांत शेवटी बांधलेला, असं सांगतात. सायकल खांद्यावर घेऊन गड चढणारे वीर मी पाहिलेत. त्यांनी गड काही पाहिला नाही. सायकल गावात कोणाच्या तरी ओट्यावर लावा, विचारून लावा, आणि पायी जा. तासाभराच्या आत माथ्यावर पोचता. वरून कऱ्हेचं सगळं खोरं दिसतं आणि सकाळी आखलेली रेघ प्रत्यक्ष जमिनीवर दिसते. नैर्ऋत्येला पुरंदर आणि वज्रगड. १६६५ साली मुरारबाजी तिथे पडला आणि जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले गेले.

खाली उतरून पुन्हा नदी धरा आणि पूर्वेला खळद, बेलसरच्या बाजूनं निघा. १६४८ साली फत्तेखानाची फौज बेलसरजवळ उतरली होती, आणि शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या मोठ्या लढाईचं रान हेच. बाजी पासलकर या लढाईत पडले असं परंपरा सांगते. आज तिथे अंजिराच्या आणि सीताफळाच्या बागा आहेत. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे. हिवाळ्यात बागेच्या कडेला तोडणी चालू असेल तर थांबून विचारा. चार अंजिरं विकत मागितली की सहा हातावर पडतात. मात्र न विचारता एकालाही हात लावू नका. बागाईतदाराची माया आणि राग, दोन्ही झटकन येतात.

जेजुरीत मी शिरतो तो होळकर तलावाच्या बाजूनं, बाजारपेठेतून नाही. गडावर जायचं असेल तर सायकल ओळखीच्या दुकानात लावून जा. कडेपठार हे खंडोबाचं जुनं ठाणं. ते आणखी वर आहे आणि त्याला अर्धा दिवस लागतो. या फेरीत ते जमवू नका. जेजुरीसाठी पुन्हा यायचंच असतं.

जेवून निघालात की खरी वाट सुरू होते. नाझरे धरणाच्या, म्हणजे मल्हारसागराच्या, कडेनं पुढे जवळार्जुन, मग पांडेश्वर. हा टप्पा माझा सर्वांत आवडता. पांडेश्वरचं देऊळ दगड-विटांचं आहे. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाची सवय झालेल्या डोळ्यांना वीट बघून आधी चुकल्यासारखं होतं. जुनी भाजकी वीट, चपटी आणि मोठी. पांडवांनी बांधलं असं गावकरी सांगतात. त्यावर वाद घालू नका. पांडवांनी महाराष्ट्रात एका रात्रीत किती देवळं बांधली याची गणती व्हायची आहे. देवळात थंडावा असतो, माणूस क्वचितच. तास काढा इथे.

पांडेश्वरहून नदीच्या संगतीनं मोरगाव. संध्याकाळच्या उन्हात मोरगावच्या देवळाचे चार मनोरे लांबून दिसतात. समोर गणपतीकडे तोंड करून नंदी बसलेला आहे. हे सहसा कुठे दिसत नाही. मुक्कामाला भक्तनिवास किंवा साधं लॉज मिळतं. आदल्या दिवशी फोन करून सायकल खोलीत घेऊ देतील का ते विचारून ठेवा. ‘सायकल’ म्हटलं की ते ‘हो’ म्हणतात, समोर चिखलानं माखलेली बघितली की विचार बदलतात. म्हणून आत नेण्याआधी नळावर धुवा. पंचा त्यासाठीच.

दगड कसे वाचायचे

या वाटेवर पाट्या लावलेल्या वास्तू थोड्या. खरा ऐवज पारावर, वेशीत, मारुतीच्या देवळामागे उभा असतो. लोणी भापकरला काळभैरवनाथाच्या आवारात वीरगळ आहेत, आणि एक वाचता आला की बाकीचे आपोआप वाचता येतात. वीरगळ खालून वर वाचायचा. तळच्या चौकटीत वीर लढतो किंवा पडलेला असतो. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतात. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो. माथ्यावर कलश, नाहीतर चंद्र-सूर्य: ते असेपर्यंत कीर्ती राहो. तळाला गाई कोरलेल्या असतील तर तो गाई वाचवताना मेला. नुसता कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीची शिळा. आणि गाढव दिसलं तर ती गधेगळ, दान मोडणाऱ्याला दिलेली शिवी.

झिजलेलं कोरीव काम भर दुपारी दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात बघा, नाहीतर सावलीत विजेरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूनं प्रकाश मारा. सपाट वाटणाऱ्या दगडातून घोडा बाहेर येतो. पाणी, तेल, खडू काहीही लावायचं नाही. फोटोत शेजारी पंप ठेवा, आकार कळतो.

सुट्या मूर्तीचं नेमकं ठिकाण इंटरनेटवर टाकू नका. चोर आपल्यापेक्षा चांगला नकाशा वाचतात. काही वेगळं दिसलं तर गावात सांगा. एका वाडीवर मी कपडे धुण्याच्या दगडाखाली वीरगळ पाहिला. धुणाऱ्या आजींना म्हणालो, “आजी, हा वीराचा दगड आहे.” त्या म्हणाल्या, “मला ठाव हाय की बाबा. पालथा घातलाय, त्याच्या तोंडावर नाय धूत.” मी गप्प बसलो.

माणसं, कुत्री, मेंढरं

वाट विचारताना ‘हा रस्ता कुठे जातो’ असं विचारू नका. उत्तर येतं, ‘कुठंच जात नाही’. डांबराखेरीज बाकी काही त्यांच्या लेखी रस्ता नसतो. विचारायचं असं: “काका, ही पाणंद पांडेश्वराला निघते का? मधे ओढ्यात पाणी आहे का?” मग पारावरचे तिघं आपापसात भांडून तुम्हाला बिनचूक वाट सांगतात. नंतर प्रश्न ठरलेले: सायकल कितीची, गेर किती, आणि यानं काय मिळतं. किमतीचं खरं उत्तर द्यायला मला अजून संकोच वाटतो. ‘जुनी घेतली’ म्हणतो. तिसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

देवळाला कुलूप असेल तर गुरव कुठे राहतात ते विचारा. किल्ली बहुतेक दोन घरं सोडूनच असते. कोणी चहा दिला तर बसून प्या, पैसे काढू नका. पोरांना सायकलवर बसायचं असतं. सीट उंच पडते, धरून दोन फेऱ्या मारा.

वस्तीवरची कुत्री सायकलमागे धावतात. पळू नका. उतरा, सायकल मधे धरा, सावकाश चालत जा. वीस पावलांत त्यांचा उत्साह संपतो. धनगरांच्या कळपाची कुत्री मात्र वेगळी. त्यांचं कामच राखणीचं. मेंढरं समोरून येताना दिसली की लांबच थांबा, मेंढपाळाला हाक मारा आणि ते सांगतील त्या बाजूनं जा. कळप फोडून जाणाऱ्या सायकलवाल्याला ते काय म्हणतात ते मी ऐकलं आहे, आणि ते योग्यच होतं.

माळरान रिकामं आहे असं समजून गवतातून सायकल घालू नका. मोरगावच्या उत्तरेला सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. पण चिंकारा आणि लांडगा हद्द बघून राहत नाहीत, या सगळ्याच माळावर ते वावरतात. जमिनीवर अंडी घालणारे पक्षीही याच गवतात असतात. रुळलेली वाट सोडायची नाही.

दुसरा दिवस: जिरायतीतून बागायतीत

मोरगावहून तरडोलीच्या बाजूनं लोणी भापकर, तेरा-चौदा किलोमीटर. सकाळी आठच्या आत पोचा. गावात मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे, आणि त्याच्याजवळच्या पुष्करणीपाशी यज्ञवराहाची मूर्ती आहे. पूर्ण वराहाच्या रूपात, चार पायांवर उभा, अंगावरच्या झुलीवर बारीक नक्षी. मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आधी नंदी समजलो होतो. पुष्करणीच्या भिंतीतले कोनाडे आणि तिच्यातल्या पायऱ्या बघा. दत्ताचं देऊळ बघा. मग काळभैरवनाथाचे वीरगळ. दोन तास सहज जातात.

इथून दक्षिणेला वडगाव निंबाळकरच्या दिशेनं उतरायचं. बारामती तालुक्याचे दोन भाग आहेत, वरचा जिरायती आणि खालचा बागायती. सीमारेषा म्हणजे कालवा. सायकलवर ही सीमा अंगाला कळते. माळावरचा कोरडा वारा, करडी ज्वारी, खुरटी बाभळ, आणि मग अचानक ओलसर गारवा, उसाचा वास, नारळाची झाडं. मोटारीत काचा वर असतात, तिथे हे कळायचं नाही.

या उतरणीत काळी माती आहे. एका नोव्हेंबरात अवकाळी पाऊस होऊन गेला होता आणि ‘दोन दिवस झाले, वाळलं असेल’ म्हणून मी घुसलो. तीनशे मीटरवर दोन्ही चाकं चिखलानं फ्रेममध्ये जाम झाली. शहाण्या माणसानं तिथेच उतरून सायकल उचलली असती. मी पेडल मारलं. कट्ट आवाज आला, हँगर तुटून डिरेलर स्पोकमध्ये गेला. जादा हँगर घरी कपाटात होता. पळवाट आखलेली नव्हती. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उसाच्या वाढ्यांवर बसून डांबर गाठलं. ट्रॅक्टरवाल्या दादांनी एकच विचारलं, “बैलगाडी थांबती तितं तुम्ही कशाला गेला?” चिखल लागला की पहिल्या दहा मीटरांत उतरा आणि मागे फिरा. सायकल ढकलूही नका, ढकलण्यानंही चाकात माती भरते. उचला.

कालव्याच्या कडेनं

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. वीरजवळ नीरेचं पाणी अडवून तो काढला, त्याला पाणी पुरवायला भाटघरचं धरण बांधलं. आपण वारसा म्हटलं की देऊळ आणि किल्ला बघतो, पण या मुलखाचं नशीब या कालव्यानं फिरवलं. सोमेश्वरनगर, माळेगाव इथले कारखाने त्याच पाण्यावर उभे आहेत. ओढ्यावरून कालवा नेणाऱ्या जुन्या दगडी बांधकामांच्या कमानी दिसल्या तर खाली उतरून बघा. घडीव दगडाचं तसं काम आता कोणी करत नाही.

कालव्याच्या भरावावरून देखरेखीचा कच्चा रस्ता जातो. सपाट, कडेला झाडं, शेजारी पाणी. ग्रॅव्हल सायकलवाल्याला याहून काय पाहिजे? पण रस्ता पाटबंधारे खात्याचा आहे. फाटक बंद असेल किंवा पाटकऱ्यांनी हटकलं तर हुज्जत न घालता खालच्या निंबूत-सोमेश्वरनगर रस्त्यानं जा. शेतकऱ्यांचे पाइप भरावावर आडवे टाकलेले असतात, सावलीत ते दिसत नाहीत. वेग कमीच ठेवा. आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना कालवा काठोकाठ भरलेला असतो आणि अस्तरीकरण केलेल्या भागात पडलेल्याला बाहेर यायला धरायला काही नसतं. पाण्याच्या बाजूच्या चाकोरीतून चालवू नका, हात धुवायलाही खाली उतरू नका.

हंगामात डांबरावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात. मागचा ट्रॉलीवाला तुम्हाला बघत नाही, ऊस बाहेर आलेला असतो. समोरून किंवा मागून आला की थेट खाली उतरा. गुऱ्हाळ दिसलं तर गरम काकवी मिळते का विचारा. भाकरी बरोबर असेल तर जेवणच झालं.

नीरा स्टेशन

पुणे-मिरज लोहमार्गावर नीरा आहे. गाड्या मोजक्या आणि वेळा बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पाहून ठेवा आणि स्टेशनवर गाडीच्या तासभर आधी पोचा. सायकल गार्डच्या डब्यात बुक करायची की चाकं काढून पिशवीत घालून न्यायची, हे स्टेशनमास्तरांना विचारा. गाडी इथे थोडाच वेळ थांबते, त्यामुळे चाकं काढायचं काम आधीच करून ठेवा. मी पिशवीच नेतो. पुढचं चाक, मागचं चाक आणि फ्रेम पट्ट्यानं बांधली की तो गठ्ठा दाराजवळ उभा राहतो. डिरेलरची बाजू वर.

गाडी यायला वेळ असेल तर फलाटावर बसून चाकं हळूहळू फिरवा आणि नखानं सराटे काढा. ट्यूबलेस असेल तर काटा उपसताच ते भोक जमिनीकडे करून मिनिटभर धरा, सीलंट तिथे साचून बुजवतं. ट्यूबवाल्यांनी पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून काटा सापडेपर्यंत नवी ट्यूब घालू नये. एका चाकातून मागच्या खेपेला एकवीस निघाले होते. शेजारी बसलेल्या आजोबांनी ते मोजले, आणि वर म्हणाले, “बावीस. तो एक तुमच्या चपलेत हाय.”